म्हाताऱ्यांच्या शाळेची अचानक तपासणी

"दिवाळी अंकासाठी नोकरीतल्या आठवणी लिहून द्या," असा संपादकांचा फोन आला, तेव्हा माझ्या मनात पहिला प्रश्न आला तो असा, की यांना माझा नंबर कोणी दिला आणि का दिला. चौकशी केली. माझ्या साडूने दिला होता. त्यात त्याचा काय हेतू असावा याचा मी अजून विचार करतोय. तो लक्षात येईपर्यंत लिहून टाकतो.

माझी सगळी नोकरी संशय घेण्यात गेली. बीडला सरकारच्या एका खात्यात मी तपासणीचं काम करायचो. खात्याचं नाव सांगत नाही. गावांचीही नावं सांगणार नाही, कारण ज्यांच्याबद्दल लिहितोय ती माणसं हयात आहेत आणि मलाही याच जिल्ह्यात राहायचंय. नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांत माझ्याकडे ज्येष्ठ नागरिकांच्या केंद्रांची योजना आली. साठी ओलांडलेल्या माणसांनी घरात कुढत बसू नये, खेळावं, गावं, वाजवावं, चार माणसांत यावं, म्हणून गावोगावी केंद्रं काढायची आणि सरकारनं त्यांना अनुदान द्यायचं, अशी ती योजना. पेटी, टाळ, कॅरम, चेंडू, सतरंज्या, चहा आणि शिकवणाऱ्याचं मानधन. योजनेचं सरकारी नाव इतकं लांब होतं की ते वाचेपर्यंत चहा गार व्हायचा. लोक तिला 'म्हाताऱ्यांची शाळा' म्हणायचे.

आता सरकारी पैसा आणि म्हातारी माणसं या दोन गोष्टी एकत्र आल्या की तिसरं कोणीतरी मधे येतंच. अनुदान माणशी मिळायचं, त्यामुळे माणसं दाखवावी लागायची. माणसं खरी आहेत का, येतात का, खेळतात का, हे बघायला मला पाठवायचे.

वडिलांचं अंबाजोगाईत किराणा दुकान होतं. मला पहिल्यांदा गल्ल्यावर बसवताना ते म्हणाले होते, "गिऱ्हाईक काय बोलतंय ते ऐकू नको, त्याचे हात बघ." मी आयुष्यभर लोकांचे हात बघत आलो. लग्न ठरवायला गेलो तेव्हाही मुलीचे हातच बघितले, असं आमची मंडळी अजून सगळ्यांना सांगते.

बाहेरच्या माणसाला वाटतं की तपासणी म्हणजे रजिस्टर बघणं. रजिस्टर मी सगळ्यात शेवटी बघायचो, कारण ते माझ्यासाठीच लिहिलेलं असतं. आधी दारातल्या चपला बघायच्या. रोज येणाऱ्याची चप्पल रोजच्या जागी सुटते, बोलावून आणलेली माणसं उंबऱ्यापाशीच ढीग करतात. मग चहा करणाऱ्या बाईला गाठायचं आणि सहज विचारायचं, बिनसाखरेचा कोणाकोणाला? केंद्र खरं असेल तर ती बोटांवर मोजून नावं सांगते. खोटं असेल तर अध्यक्षाच्या तोंडाकडे बघते. आणि दिवाळीनंतर आमच्याकडे निम्मं गाव ऊसतोडीला जातं, मागे राहतात आजी-आजोबा आणि नातवंडं. त्या दिवसांत एखाद्या केंद्रात म्हातारी माणसं इस्त्रीच्या कपड्यात शांत बसलेली दिसली आणि त्यांच्या अंगाखांद्यावर एकही पोर दिसलं नाही, तर खुशाल समजावं की ही मंडळी दुसरीकडून आणली आहेत.

एका केंद्रात पेटी वाजवून दाखवा म्हटलं, तर अध्यक्ष म्हणाले, पेटीमास्तर गावाला गेलेत. मी स्वतःच भाता उघडला. आत उंदरीण बाळंत झाली होती. डोंगरपट्ट्यातल्या एका गावात तर अध्यक्षांनी मला थेट एका मंडपात नेलं. तिथं पुष्कळ म्हातारे चहा पीत बसले होते. मला बरं वाटलं. मी एकाला विचारलं, "काय आजोबा, आज कोणता खेळ?" तो म्हणाला, "खेळ कशाचा सायेब, आमी दहाव्याला आलोत." मग माझं लक्ष समोरच्या दोन ताज्या तासलेल्या डोक्यांकडे गेलं. अध्यक्ष तोवर मोटारसायकलला किक मारत होते.

अशा अनुभवांनी माणूस खवट होतो. मी झालो. माझ्या माघारी लोक मला 'वास घेणारे सायेब' म्हणायचे. मला ते आवडायचं, खोटं कशाला सांगू?

ज्या प्रकरणासाठी हे लिहायला बसलो ते नेकनूरच्या रस्त्यावरचं आहे. बीडहून जाताना एक गाव नेकनूरच्या अलीकडे लागतं आणि एक पलीकडे. मी त्यांना अलीकडचं आणि पलीकडचं एवढंच म्हणणार आहे. दोन्ही गावांत केंद्रं होती.

अलीकडच्या गावातलं केंद्र मारुतीच्या सभामंडपात सकाळपासून संध्याकाळपर्यंत भरायचं; मी गेलो ते सकाळी. अध्यक्ष रंगनाथअण्णा. ऐंशी पार केलेला ताठ म्हातारा, कडक टोपी, आवाज असा की मंडपात माईक लागायचा नाही. तरुणपणी पंचक्रोशीतल्या जत्रांमध्ये आट्यापाट्या गाजवलेला गडी. केंद्र मला खरं वाटलं. चपला जागच्या जागी होत्या, चहावालीनं बिनसाखरेची नावं धडाधड सांगितली, आणि अण्णांनी पखवाजावर थाप मारली तेव्हा पानावरची काळी शाई वापरानं झिजलेली दिसली. फक्त एका गोष्टीनं माझं डोकं फिरलं. बायका मागच्या भिंतीला टेकून ओळीनं बसल्या होत्या, नाकापर्यंत पदर ओढून. गाणं नाही, टाळ नाही, बोलणंसुद्धा नाही. त्यांच्यात एक उंच बाई होती. तोंड दिसतच नव्हतं, म्हणून मी सवयीनं हात बघितला. उजव्या मनगटावर गोंदलेलं तुळशीवृंदावन, आणि करंगळी आत वळलेली, कधीतरी मोडून तशीच जुळलेली.

"ह्या कौसाबाई," अण्णांनी तिच्याकडे न बघता सांगितलं. "आमच्या धाकट्या भावाची मंडळी. भाऊ जाऊन लई वर्सं झाली."

"काय मावशी, भजन आवडतं का खेळ?" मी विचारलं.

पदर आणखी दोन बोटं खाली आला.

"ती न्हाई बोलायची सायेब," शेजारची बाई म्हणाली.

"कावून?" 'का' असं मी मुद्दाम त्यांच्या बोलीत विचारलं. तसं विचारलं की माणसं कधीकधी खरं बोलून जातात.

"न्हाई बोलत," एवढंच उत्तर आलं आणि बाकीच्या बायका पदरात हसल्या.

मी परत येताना जीपमध्ये विचार करत होतो. आपण कुठं आणि कशाला बसलोय हे जिला सांगता येत नाही, ती बाई बसवलेली असते. माझा अनुभव तरी असाच होता.

थोड्याच दिवसांनी मी पलीकडच्या गावाला गेलो, तेही न कळवता आणि एस्टीनं. ऑफिसची जीप बीडातून हलली की गावात फोन पोचलेला असतो. एस्टीवर मात्र कोणी संशय घेत नाही. तिथलं केंद्र सुनंदाताई चालवायच्या. अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या, बोलायला फटकळ. त्यांच्या केंद्रात अभंग आणि भीमगीतं एकाच पेटीवर व्हायची आणि त्यावरून कोणाचं भांडण झाल्याचं मी ऐकलेलं नाही. मी पोचलो तेव्हा शाळेच्या मैदानावर नुसता गलका चालला होता. चुलीतल्या राखेनं पाट्या आखल्या होत्या आणि सत्तरीच्या पुढच्या बायका आट्यापाट्या खेळत होत्या.

ज्यांनी हा खेळ बघितला नाही त्यांच्यासाठी सांगतो. मैदानावर आडव्या पाट्या आखतात, प्रत्येक पाटीवर एक राखणदार उभा राहतो, आणि समोरच्या संघानं त्याला चुकवत, अंगाला हात लागू न देता पलीकडे जायचं. सगळ्यांना मधोमध छेदणारी एक उभी पाटी असते, तिला सूरपाटी म्हणतात. तिच्यावरचा गडी, म्हणजे सूर, सगळ्यात चपळ लागतो, कारण तो कुठूनही येऊन समोरच्याची कोंडी करतो आणि शिवतो. सुनंदाताईंनी म्हाताऱ्यांसाठी एक नियम केला होता: पळायचं नाही, चालायचं. पळताना दिसली की बाद. त्यामुळे त्या सगळ्या ओठ दाबून, कमरेत वाकून, झपाझप चालत एकमेकींना हुलकावण्या देत होत्या. मला हसू आलं आणि बरंही वाटलं.

सूरपाटीवर एक उंच बाई होती. डोकं उघडं, पदर कमरेला खोचलेला, पांढऱ्या केसांचा अंबाडा सुटून पाठीवर आलेला. ती ओरडत होती, चिडवत होती, आणि कोणी निसटायला लागली की असा काही लांब हात टाकत होती की समोरची किंचाळायची. बाकीच्या ओरडत होत्या, "सोने, डावीकडं! सोने, सोडू नगं तिला!"

मग तो हात मला नीट दिसला. मनगटावर तुळशीवृंदावन. करंगळी आत वळलेली.

इतक्या वर्षांत असा मासा माझ्या गळाला लागला नव्हता. बाई एक, गावं दोन, नावं दोन, अनुदानं दोन. मी मैदानात शिरलो.

"नाव काय तुमचं?"

"सोनाबाई," ती धापा टाकत म्हणाली. अजून हसत होती.

"गाव?"

"ह्येच की!"

"मग अलीकडच्या गावात कौसाबाई म्हणून कोण बसतं?"

तिचं हसू गेलं. कमरेचा पदर सोडून तिनं डोक्यावर घेतला आणि ती सुनंदाताईंच्या मागे जाऊन उभी राहिली. गुन्हेगार असंच करतो, असं मी मनात म्हटलं.

सुनंदाताईंनी मला बाजूला घेतलं. "सायेब, ती आमच्या गावची लेक हाय. दिलीया अलीकडच्या गावात. लग्नात नाव बदललं तिचं. ताटात तांदूळ घेऊन अंगठीनं लिहित्यात न्हाई का, तसं कौसल्या लिहिलं. इथं आमाला ती सोनीच हाय."

"आणि रोज येते कशी?"

"दुपारच्या एस्टीनं येती, संध्याकाळच्या एस्टीनं जाती. पंच्याहत्तरी झाली न्हवं, तिकीट लागत न्हाई."

"तिथं केंद्र असताना इथं कशाला?"

"तिथं थोरले दीर बसत्यात समोर. रंगनाथअण्णा. त्यांच्यासमोर तिनं लग्न झाल्यापासून तोंड उघडलं न्हाई. तिथं काय आट्यापाट्या खेळंल ती?" मग त्यांचा आवाज खाली आला. "घरी ठावं न्हाई सायेब. नेकनूरला गुडघ्याच्या औषधाला जाते म्हणून सांगून येती. तुमी हे तिथं बोलू नगा. पाया पडते."

लग्नात नाव बदलतात हे मलाही माहीत आहे. सासरी मोठ्या दिरासमोर बायका बोलत नाहीत, हेही माहीत आहे. पण म्हणूनच ही गोष्ट मला जास्त सोयीची वाटली. बनाव करायचा तर तो माणसाला खरा वाटेल असाच करतात. आणि 'तिथं बोलू नका' म्हटल्यावर तर माझी खात्रीच पटली. मी ऑफिसात तसं कळवलं. पलीकडच्या केंद्राचं अनुदान थांबलं आणि सुनावणी लागली. बाईचा आधारवरचा पत्ता अलीकडच्या गावातला, म्हणून सुनावणी तिथंच, ग्रामपंचायतीत.

त्या दिवशी खोलीत आम्ही मोजकीच माणसं होतो. मी टेबलामागे. एका बाजूला सुनंदाताई, डोळे सुजलेले. समोरच्या खुर्चीत रंगनाथअण्णा, काठीवर दोन्ही हात ठेवून. आणि दाराजवळ भिंतीकडे तोंड करून ती, पदर नाकापर्यंत. कौसाबाई का सोनाबाई, तेच ठरवायचं होतं.

मी विचारलं, "तुम्ही पलीकडच्या गावच्या केंद्रात जाता का?"

ती भिंतीकडे आणखी सरकली.

खरं सांगायचं तर त्या क्षणी मला पहिल्यांदा थोडी शंका आली, आणि तीही माझ्याबद्दलच. 'नाही' म्हणाली असती तर सुनंदाताई खोट्या ठरून त्यांचं केंद्र कायमचं बंद झालं असतं. 'हो' म्हणाली असती तर घरी सगळं उघड झालं असतं आणि तिचं जाणं संपलं असतं. दोन्हीकडून तिचाच खेळ जाणार होता, आणि हा डाव मीच मांडला होता. पण सुनावणी लागली म्हणजे विचारावं लागतं. मी पुन्हा विचारलं.

अण्णा आता तिच्याकडे बघायला लागले होते. डोळे बारीक करून, मान तिरकी करून. ती नजर मी रोज दाढी करताना आरशात बघतो.

"ही कुठं जाती?" अण्णा मला म्हणाले. "ही तर नेकनूरला जाती. दवाखान्यात."

सुनंदाताई पुटपुटल्या, "सोने, बोल गं बाई."

भिंतीकडे तोंड तसंच ठेवून ती बोलली. आवाज जाड आणि ठसठशीत होता, मैदानावर ऐकलेला तोच.

"सुनंदे, सायबाला सांग. म्हणावं, मी जाते. रोज जाते. डोईवर पदर न घेता खेळते. ह्यात सुनंदाचा काय बी गुन्हा न्हाई."

अण्णांची काठी हातातून निसटली. पन्नासच्या वर वर्षं एका घरात राहून त्यांनी हा आवाज पहिल्यांदा ऐकला होता. मी काठी उचलून दिली. ती त्यांनी घेतली, पण माझ्याकडे बघितलं नाही.

मला वाटलं आता म्हातारा आग पाखडणार. त्यांनी काठी पुन्हा समोर टेकवली. मग टेबलाकडे तोंड करून म्हणाले, "सायेब, ईचारा त्यास्नी. काय खेळत्यात?"

तिला ऐकू गेलेलंच होतं, पण ती थांबली होती. अण्णाही माझ्या तोंडाकडे बघत थांबले होते. मग माझ्या लक्षात आलं की हे मलाच विचारावं लागणार. मी घसा साफ करून विचारलं, "काय खेळता?"

"सुनंदे, सांग. आट्यापाट्या."

"सायेब, ईचारा, सूरपाटीला कोण ऱ्हातंय?"

"सूरपाटीला कोण असतं?"

"सांग, मीच."

अण्णा खुर्चीत पुढे सरकले. "ईचारा, समोरचे कोंडी फोडाया लागले तर आधी कुठल्या अंगाला जात्यात?"

"सांग, डाव्या. समोरच्याला वाटतं उजव्या, म्हणून डाव्या."

"बराबर!" अण्णांनी काठी फरशीवर आपटली. "ह्येच मी समद्या पोरांना सांगून थकलो!" आणि मग जरा थांबून, कुरकुरत, "सायेब, ईचारा, मंग गुडघ्याच्या औषधाचं काय?"

तिनं पदर सावरला. मग म्हणाली, "सांग, त्येच औषध हाय."

एकमेकांपासून चार हातांवर असलेल्या दोन म्हाताऱ्या माणसांचं बोलणं एकाकडून दुसऱ्याकडे पोचवायचं काम मी त्या दिवशी केलं. एवढ्या सगळ्या नोकरीत मला इतकं हलकं काम दिलं गेलं नव्हतं आणि इतकं मन लावून मी दुसरं कुठलंही केलं नसेल. एका माणसाला एकच केंद्र हा नियम होता, म्हणून एका ठिकाणचं नाव कमी करणं भाग होतं. अण्णाच म्हणाले, "आमच्या इथलं काढा. इथं बसून त्या काय भिंत राखत्यात?" पलीकडच्या केंद्राचं अनुदान पुन्हा सुरू झालं. मी खूश होऊन घरी आलो आणि मंडळींना सगळं रंगवून सांगितलं.

ती भाजी निवडत ऐकत होती. म्हणाली, "तिला ते उघड व्हायला हवं होतं का?"

मी म्हटलं, "अगं, पण शेवट गोड झाला." ती भाजीच निवडत राहिली. बायकांना कौतुक करायला जड जातं, असं मी तेव्हा मनात म्हटलं.

अनुदान पुन्हा सुरू केलं की काही दिवसांनी अचानक तपासणी करायची, अशी आमची पद्धत. मी पुन्हा एस्टीनं पलीकडच्या गावाला गेलो. पाट्या आखलेल्या होत्या, गलका होता. मैदानाच्या कडेला लिंबाखाली खुर्ची टाकून एक कडक टोपी बसली होती आणि ओरडत होती, "डावीकडनं! अगं डावीकडनं!"

रंगनाथअण्णा. मला बघून त्यांनी हात जोडले. चेहऱ्यावर असा आनंद, की जणू तरुणपण परत मिळालंय.

सूरपाटीवर दुसरीच बाई होती, आणि तिला काही जमत नव्हतं. सोनाबाई कुठं म्हणून मी बघितलं. शाळेच्या कट्ट्यावर, भिंतीला टेकून, नाकापर्यंत पदर ओढून.

सुनंदाताई माझ्याजवळ आल्या. "रोज येत्यात. दोघं एकाच एस्टीनं. त्यास्नी बी तिकीट न्हाई."

"खेळू देत नाहीत का?"

"छ्या! उलट खेळा म्हणत्यात. लई कौतुक त्यास्नी. समद्या गावाला सांगत्यात, आमच्या घरात सूर हाय म्हणून. पर त्यांच्यासमोर तिनं पदर कसा खोचायचा, तुमीच सांगा? माहेरी येऊन बी सूनच झाली बिचारी."

"मग सांगा त्यांना येऊ नका म्हणून."

"कोण सांगणार? लेकीचा थोरला दीर हाय. पाव्हण्याला ह्या गावानं जा म्हणायचं?"

मी कट्ट्याजवळून निघालो. तिच्यासमोरून जाताना पदराआडून आवाज आला, अगदी हळू. "सायेब, तुमी आला नसता तर बरं झालं असतं."

मला आयुष्यात पुष्कळ शिव्या मिळाल्या आहेत. एका सरपंचानं अंगावर कुत्रं सोडलं होतं. पण त्या वाक्यानं मला जेवण गेलं नाही. सगळं शोधून काढलं, सगळं खरं निघालं, कोणीच चोर नव्हतं, आणि तरी तिच्या हातचं जे होतं ते गेलं. तिचं तिथलं खेळणं सासरी कोणाला माहीत नव्हतं, एवढ्यावरच ते तिचं होतं. मी ते बीडच्या ऑफिसापासून तिच्या दिरापर्यंत सगळ्यांना दाखवून बसलो. अण्णांना कसं सांगणार? म्हातारा वाईट असता तर सोपं होतं. तो तर खेळाच्या आणि कौतुकाच्या पायी येत होता. 'तुमच्यामुळे ती खेळत नाही' असं कोणी सांगितलं असतं, तर त्यानं येणं बंद केलं असतं, पण लाजेनं. आणि मग ती त्या लाजेखाली खेळली असती का? मला नाही वाटत.

मला एकच गोष्ट चांगली येते. तीच करायची ठरवली.

दोन दिवसांनी दुपारची एस्टी गेल्यावर मी अलीकडच्या गावात जीपनं पोचलो, भर चौकातून, मुद्दाम हॉर्न वाजवत. सभामंडपात भजन चालू होतं, सगळं ठीकठाक. अध्यक्ष अर्थात नव्हते. मी पायरीवर बसून राहिलो. संध्याकाळच्या एस्टीनं अण्णा उतरले, आणि त्यांच्या मागे चार पावलांवर ती.

"या सायेब! आज काय खेळ झाला म्हणून सांगू..."

"अण्णा," मी उठलो नाही. "मला तुमच्या केंद्राचा संशय येतोय."

त्यांना आधी कळलंच नाही. "कुणाचा?"

"तुमचा. अध्यक्ष दुपारभर दुसऱ्या गावात. इथं माणसं कोण बसवतं, कोण उठवतं? वरून विचारणा आहे."

वरून काहीही नव्हतं. वर कोणाला अण्णा कोण हेही माहीत नव्हतं.

"माझा संशय?" म्हाताऱ्याची टोपी हलायला लागली. "ह्या रंगनाथचा? सायेब, ह्या हातानं कवा कुणाची काडी घेतली न्हाई!"

"असेल. मला दिसलं पाहिजे. दुपारच्या एस्टीपासून संध्याकाळच्या एस्टीपर्यंत मी कधीही येईन. सांगून येणार नाही. अध्यक्ष जागेवर नसले तर..."

आणि मी वाक्य तिथंच सोडलं. सरकारी नोकरीत अर्धं वाक्य पूर्ण वाक्यापेक्षा जास्त काम करतं.

मी चेहरा हलू दिला नाही. अण्णांच्या मागे ती उभी होती. वाकड्या करंगळीचा हात पदराशी गेला, पदर घट्ट झाला, आणि तिचे खांदे हलायला लागले. रडत असेल असं कोणालाही वाटलं असतं. मला संशय आला की ती हसत होती.

त्यानंतर अण्णांनी केंद्र सोडलं नाही. मी अधूनमधून जायचो, चपला बघायचो, पखवाजाची शाई बघायचो, 'हं' म्हणायचो आणि निघून यायचो. त्यांनी मला पुन्हा कधी चहा विचारला नाही. गावात ते सांगतात, ह्या माणसानं जन्मात कुणावर भरवसा ठेवला न्हाई, ह्येच्या बायकूचं कसं हुत असंल. त्यावर मला काही म्हणायचं नाही.

मी निवृत्त झालो त्याला आता दोन वर्षं झाली. तरी महिन्यातून एकदोनदा, काही काम नसताना, मी दुपारची नेकनूरकडची एस्टी पकडतो. मला अजून पूर्ण तिकीट पडतं. अलीकडच्या गावाच्या थांब्यावर सोनाबाई चढतात, नाकापर्यंत पदर घेऊन, आणि पुढच्या बाकावर बसतात. माझ्याकडे बघत नाहीत. सभामंडपाच्या पायरीवर अण्णा रस्त्याकडे तोंड करून बसलेले असतात. आता थकलेत, पण टोपी तशीच कडक. एस्टी तिथून जाताना मी खिडकीतून डोकं बाहेर काढतो, त्यांना नीट दिसेल असं. ते लगेच ताठ होतात आणि काठी जवळ ओढतात. वळण गेलं की पुढच्या बाकावरचा पदर खांद्यावर येतो.

मी निवृत्त झालोय हे अण्णांना माहीत नाही. सुनंदाताईंनी दोन्ही गावांत सगळ्यांना तशी ताकीद देऊन ठेवली आहे. आणि हा अंक अलीकडच्या गावात कोणी घेतं का, याची मी चौकशी केली. नाही घेत म्हणतात. तरी पुन्हा एकदा जाऊन खात्री करणार आहे.